बर्फातली शिखरे आणि गोंडवनाचे नाव

भारताच्या भूवैज्ञानिक नकाशावर भंडारा हे नाव जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यापासून खाली बस्तरपर्यंत अतिप्राचीन खडकांचा जो प्रदेश पसरला आहे, त्याला काही ग्रंथांत ‘बस्तर क्रेटन’ म्हणतात, तर काहींत ‘भंडारा क्रेटन’. क्रेटन म्हणजे खंडाचा जुना, घट्ट झालेला गाभा. साकोलीच्या आसपास जमिनीतून डोके काढणारे खडक या गाभ्याच्या अंगाखांद्यावरचे आहेत. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे ज्या थरांतून मँगनीज निघते, ते ‘सौसर गटा’तले आहेत. या सौसर खडकांवर सुमारे १ अब्ज वर्षांपूर्वीच्या प्रचंड दाबाची आणि उष्णतेची खूण उमटलेली आहे. त्याच सुमारास आजच्या पूर्व घाटाच्या बाजूने भारत आणि अंटार्क्टिका एकमेकांना जोडले जात होते.

या मुलखाशी बांधलेले दुसरे एक नाव तर पृथ्वीच्या तळापर्यंत गेले. ते नाव म्हणजे गोंडवन. देवगडच्या गोंड राजांचा अंमल या भागावर होता. तुमसरजवळचा आंबागड किल्ला त्याच काळाची साक्ष आहे आणि गोंड वस्ती आजही जिल्ह्यात आहे. १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री मेडलिकॉटने मध्य भारतातल्या कोळसाधारी थरांसाठी आपल्या अहवालात ‘गोंडवाना’ हे नाव वापरले. १८७६ मध्ये ऑटोकार फाइस्टमांटेलने ते छापील लेखनात आणले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने दक्षिणेकडच्या एका लोप पावलेल्या महाखंडालाच ‘गोंडवाना-लँड’ म्हटले. झ्यूसने तेव्हा त्यात अंटार्क्टिका धरलेला नव्हता. आज आपण जाणतो की त्या महाखंडाच्या मधोमध अंटार्क्टिकाच होता. हे कळले ते बर्फातून वर आलेल्या मोजक्या शिखरांमुळे.

पावसाळ्यात धानाच्या बांध्या काठोकाठ भरल्या की मधेच उठलेल्या पहाड्या पाण्यातल्या बेटांसारख्या दिसतात. त्या पाण्याच्या जागी सरासरी २ किलोमीटर जाडीचा बर्फ धरा, पहाड्यांच्या जागी पर्वतरांगा धरा, म्हणजे अंटार्क्टिकाच्या शिखरांची कल्पना येईल. बर्फाच्या वर आलेल्या अशा शिखराला किंवा कड्याला ‘नुनाटक’ म्हणतात. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा हा शब्द जगभरच्या भूगोलाने जसाच्या तसा घेतला. ग्रीनलंडचे लोक नुनाटकांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले, शिकारीच्या वाटा त्यांवरून ओळखत गेले. अंटार्क्टिकात तसे कोणी नव्हते. तिथल्या एकाही शिखराला तिथल्या माणसाने हाक मारलेली नाही, कारण तिथला असा माणूसच नाही.

अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचेचाळीस पट. त्यातला उघडा खडक किती, याचे उपग्रहचित्रांवरून केलेले गणित २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा निघाला ०.१८ टक्के. म्हणजे एवढ्या मोठ्या खंडाची उघडी जमीन एकत्र केली, तर भंडाऱ्यासारखे जेमतेम पाच-सहा जिल्हे भरतील. बाकी सगळे झाकलेले. गॅमबुर्त्सेव पर्वत तर पुरता गाडला गेलेला आहे. आल्प्सच्या तोडीची ही रांग १९५८ मध्ये सोव्हिएत पथकाला सापडली ती बर्फात स्फोट घडवून, खडकावरून परत येणाऱ्या लहरी मोजून. ग्रिगोरी गॅमबुर्त्सेव या भूभौतिकतज्ज्ञाचे नाव तिला दिले गेले. माणसाने नाव दिले, उंची मोजली, पण डोळ्यांनी पाहिला नाही, असा हा पर्वत.

म्हणून नुनाटकांचे मोल फार. बर्फाखाली काय आहे हे हातात घेऊन पाहायची जागा हीच. बर्फ स्थिर नसतो. तो आपल्याच वजनाने किनाऱ्याकडे सरकत राहतो आणि वाटेत शिखर आले की त्याला वळसा घालून जातो. जाताना कडे घासतो, तळाचे दगड उचलून आणतो आणि उतारांवर सोडतो. पुढे बर्फाची पातळी खाली गेली की ते दगड उघड्यावर राहतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा सुरू झाला की त्यांतल्या क्वार्ट्‌झमध्ये बेरिलियम-१० नावाचे दुर्मीळ द्रव्य कणाकणाने साठू लागते. ते मोजले की तो दगड किती हजार वर्षांपूर्वी बर्फातून मोकळा झाला हे सांगता येते. बर्फ पूर्वी किती उंच होता आणि किती वेगाने उतरला, याचा हिशोब नुनाटकांच्या अंगावर असा लिहिलेला असतो. समुद्राची पातळी पुढे किती चढेल याचे आजचे अंदाज ज्या प्रारूपांवर बसवतात, ती प्रारूपे खरी की खोटी हे याच हिशोबावर तपासून पाहतात.

कुठे कुठे सरकणाऱ्या बर्फाला खडक आडवा येतो. वाट अडलेला बर्फ तिथेच थबकतो, कोरडा वारा त्याला वरून खात राहतो आणि खालचा जुना, निळा बर्फ उघडा पडतो. हजारो वर्षांत बर्फावर पडलेल्या उल्का अशा ठिकाणी गोळा होतात. व्हिक्टोरिया लँडमधल्या अ‍ॅलन हिल्सजवळ २७ डिसेंबर १९८४ ला मंगळावरून आलेला एक दगड सापडला तो असाच. जीवसृष्टीही या खडकांना धरून आहे. दगडफूल, शेवाळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीवर्गीय किडे, आणि पक्षी. क्वीन मॉड लँडमध्ये स्वार्टहामारेन नावाच्या कड्यावर, समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, अंटार्क्टिक पेट्रेल पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. तिथे चरायला काही नाही. पक्षी दर फेरीला समुद्र गाठतात आणि पिलांसाठी अन्न घेऊन परततात, कारण अंडे ठेवायला कोरडा दगड तेवढाच आहे.

आता नावांकडे वळू. आपल्याकडे आंबागड, गायमुख, चांदपूर ही नावे तिथे राहणाऱ्यांनी वापरून वापरून घडवली. अंटार्क्टिकात नाव आधी कागदावर पडले, वापर नंतर आला, कित्येक ठिकाणी अजून आलेलाच नाही. नाव कोणाचे, हे ठरले ते मोहिमेला पैसे कोणी दिले, जहाज कोणत्या देशाचे, कप्तानाच्या घरी कोण, यावरून. ब्रिटिश शोधक शॅकल्टनने १९०८ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर एक अफाट हिमनदी गाठली आणि तिला बिअर्डमोर हे नाव दिले. विल्यम बिअर्डमोर हा त्याच्या मोहिमेला पैसा देणारा जहाजबांधणीतला उद्योगपती. त्याच हिमनदीच्या माथ्यावरचे माउंट बकली न्यूझीलंडच्या जॉर्ज बकलीच्या नावाचे. खंडातले सर्वांत उंच शिखर व्हिन्सन, ४,८९२ मीटर. कार्ल व्हिन्सन हे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते आणि ध्रुवीय संशोधनाचे पाठीराखे. शिखरांचा मान देणगीदारांना आणि पुढाऱ्यांना असा वाटला गेला. त्यात चुकीचे काही नसेल, पण त्या नावांवरून शिखराविषयी काहीच कळत नाही.

याचे टोक गाठले ते जर्मनीच्या १९३८-३९ च्या मोहिमेने. ‘श्वाबनलांड’ जहाजावरून दोन डॉर्निअर विमाने उडवून, वरून फोटो घेत, हिटलरच्या सरकारने क्वीन मॉड लँडच्या मोठ्या भागावर हक्क सांगायचा बेत केला होता. नॉर्वेने १४ जानेवारी १९३९ ला, जर्मन जहाज तिथे पोचण्याच्या काही दिवस आधीच, त्या प्रदेशावर आपला दावा जाहीर करून टाकला. तरी जर्मनांनी नावांची खैरात केलीच. रिशार्ड शिर्माखर हा वैमानिक; त्याने पाहिलेल्या उघड्या खडकाळ टापूला ‘शिर्माखर ओअ‍ॅसिस’ म्हणतात. त्याच्या दक्षिणेच्या डोंगरांना व्होलथाट या सरकारी अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याचे नाव आहे. हजारो फोटो घेतले गेले, पण खाली जमिनीवर उतरून एकही बिंदू नीट मोजलेला नव्हता. त्यामुळे पुढे नॉर्वेने स्वतः हवाई पाहणी करून नकाशे तयार केले, तेव्हा जर्मन नकाशातली कित्येक शिखरे प्रत्यक्षात कोणती, हे जुळवता आले नाही. नॉर्वेच्या लोकांनी मात्र आपल्या दंतकथांतून नावे दिली. उल्वेटाना म्हणजे लांडग्याचा दात, युटुलसेसेन म्हणजे राक्षसाचे आसन. २,९३१ मीटर उंच, सरळसोट सुळक्याला ‘लांडग्याचा दात’ म्हटले की डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहते. ब्रिटिशांच्या नामकरण समितीने अलेक्झांडर बेटावर आणखी वेगळा मार्ग धरला. तिथे संगीतकारांची नावे आहेत, आणि सॅटर्न हिमनदीजवळच्या नुनाटकांना शनीच्या उपग्रहांची: एन्सेलाडस, डायोनी.

एकाच जागेला अनेक नावे, ही तर तिथली जुनी रीत. दक्षिण अमेरिकेकडे झेपावलेल्या द्वीपकल्पाला ब्रिटिश ‘ग्रॅहॅम लँड’ म्हणत, अमेरिकन ‘पामर पेनिन्सुला’, चिलीत वेगळे नाव, अर्जेंटिनात त्याहून वेगळे. १९६४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी ‘अंटार्क्टिक पेनिन्सुला’ हे एक नाव मान्य केले. १ डिसेंबर १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सगळे प्रादेशिक दावे आहेत तिथे थांबवले. तेव्हापासून नाव दिल्याने जमीन मिळत नाही. नामकरणातली घाई त्यामुळे बरीच ओसरली. आता प्रत्येक देशाची समिती नावे ठरवते आणि ‘स्कार’ ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संस्था ती सगळी एका सूचीत मांडते. ही सूची नावे फक्त नोंदवते. कोणाचे बरोबर, हे ती ठरवत नाही.

पण या सगळ्या नावांत एक वेगळा गट आहे आणि त्याची सुरुवात एका दुर्दैवी प्रवासात झाली. डिसेंबर १९०८ मध्ये शॅकल्टनचा साथी फ्रँक वाइल्ड याला माउंट बकलीवर कोळशाचे थर दिसले होते. हे बकली म्हणजे चहूबाजूंनी बर्फाने वेढलेले खडकाचे बेटच. फेब्रुवारी १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथी ध्रुवावरून परतताना त्याच कड्याखाली थांबले. अन्न कमी, अंगात त्राण नाही, तरी एडवर्ड विल्सनने तिथले दगड निवडून गोळा केले. सुमारे १६ किलोचे ते ओझे त्यांनी घसरगाडीवरून अखेरपर्यंत ओढले. नोव्हेंबरमध्ये तंबूत त्यांचे मृतदेह सापडले, तेव्हा दगडही सोबत होते. इंग्लंडमध्ये वनस्पतितज्ज्ञ ए. सी. सेवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ मध्ये अहवाल दिला. दगडांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते आणि सेवर्ड यांनी ओळखलेली जात होती ‘ग्लॉसोप्टेरिस इंडिका’. अंटार्क्टिकाच्या पोटात भारताच्या नावाचे पान निघाले.

हे पान आपल्या फार जवळचे आहे. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की नागपूरच्या अलीकडेच कामठी. तिथल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिसची पाने भरपूर. ती गोळा करणाऱ्यांत अग्रणी होते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूर परिसराच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहिले. शाळा चालवता चालवता, गावोगाव हिंडता हिंडता त्यांनी जी पाने खाणीतून उचलली, त्यांचीच जात साठएक वर्षांनी ध्रुवाजवळ सापडली. ग्लॉसोप्टेरिस हे झाड होते. त्याचे जड बी खारा समुद्र ओलांडून खंडोखंडी पसरले असेल, हे पटण्यासारखे नव्हते. जमीनच सलग असली पाहिजे, हा विचार पुढे आल्फ्रेड वेगेनर आणि दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु त्वा यांनी लावून धरला. भूपट्ट सरकतात हे सिद्ध व्हायला त्यानंतरही अनेक दशके गेली.

१९५८-५९ च्या मोसमात अमेरिकन भूवैज्ञानिक विल्यम लाँग ओहायो रेंज या रांगेत पोचला. तिथल्या एका उंच शिखरावर त्याला कोळशाबरोबर ग्लॉसोप्टेरिसची पाने सापडली. त्या शिखराचे नाव आज माउंट ग्लॉसोप्टेरिस आहे. अंटार्क्टिकातली सगळी नावे समोर ठेवली तर मला हे सर्वांत योग्य वाटते. ते कोणाची देणगी सांगत नाही, कोणाचा दावा सांगत नाही. त्या खडकात काय आहे तेवढे सांगते. आणि तिथे नुसते पान नव्हते. पानांच्या थरांखाली हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांचा, मातीचा जाड थर होता. खाली बर्फाचे अवशेष, वर थंड दलदलीतले जंगल आणि कोळसा, हाच क्रम आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात आहे. तळाच्या थराला आपल्याकडे ‘तालचीर’ म्हणतात. ओडिशातल्या तालचीरजवळ १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी तिथले धोंडे पाहून ते बर्फाने वाहून आणले असावेत असे सुचवले होते. उष्ण कटिबंधात बर्फ, हे ऐकून अनेकांनी शंका घेतली.

त्या शंकेचे उत्तर विदर्भातच मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगा वर्धेला मिळते त्या टापूत, इरई गावाजवळ भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडनला चुनखडीचा एक पृष्ठभाग दिसला. गुळगुळीत घासलेला, आणि त्यावर एकमेकींना समांतर अशा लांब ओरखड्यांच्या रेघा. वर तालचीरचे धोंडे. अंगात दगड धरून सरकणारा बर्फच खडकावर अशा रेघा ओढतो. फेडनने हे १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हा, इथून बर्फ सरकत गेला होता. आज नुनाटकांच्या कुशीला बर्फ जे काम करतो आहे, त्याचा नमुना भंडाऱ्याहून एका दिवसात पाहून येता येईल इतक्या अंतरावर उन्हात उघडा पडलेला आहे. तो जपला पाहिजे. चंद्रपुरातल्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली तिथे नेल्या पाहिजेत.

गोंडवनाच्या अभ्यासकांची नावेही बर्फावर पोचली आहेत. टेलर व्हॅलीत झ्यूसच्या नावाची हिमनदी आहे. शॅकल्टन रेंजमध्ये द्यु त्वाच्या नावाचा नुनाटक-समूह आहे. आणि अ‍ॅलन हिल्समध्ये, उल्का सापडतात त्याच उघड्या खडकांत, न्यूझीलंडच्या १९६४ च्या पथकाने एका दरीला फाइस्टमांटेल व्हॅली हे नाव दिले. कलकत्त्याच्या कार्यालयात बसून मध्य भारतातल्या खाणींतली पाने एकेक करून रेखाटणारा हा बोहेमियन माणूस. अंटार्क्टिकाचा किनाराही त्याने पाहिला नव्हता. टेरा नोव्हा उपसागराच्या काठी जर्मनीने १९८३ मध्ये उभारलेल्या केंद्राचे नाव तर थेट ‘गोंडवाना’ आहे. ज्या समाजाच्या नावावरून हा शब्द आला, त्या गोंड समाजातल्या मुलाला हे कोणी सांगत असेल का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. साकोलीच्या किंवा तुमसरच्या आश्रमशाळेत भूगोलाच्या तासाला महाखंडाचे नाव येते तेव्हा शिक्षकाने थांबून सांगावे, की हे नाव तुझ्या आजोबांच्या मुलखाचे आहे.

भारत स्वतः तिथे उशिरा गेला. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३ च्या अखेरीस, दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, जन्म नागपूरचा. पहिले केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या हिमस्तरावर बांधले होते. काही वर्षांतच ते बर्फात गाडले जाऊ लागले आणि सोडावे लागले. दुसरे केंद्र ‘मैत्री’ म्हणूनच शिर्माखरच्या खडकावर उभारले. सेनगुप्तांनी त्याच खडकांच्या घड्या अभ्यासल्या होत्या. नॉर्वेचा दावा असलेला प्रदेश, जर्मन वैमानिकाच्या नावाचा टापू, काही किलोमीटरवर रशियाचे केंद्र, आणि आपल्या केंद्राशेजारी ‘प्रियदर्शिनी’ नावाचे तळे, अशी नामकरणाची सगळी शंभर वर्षे तिथे एका नजरेत मावतात.

भारतीय माणसांची नावेही थोडी आहेत. मेरी बर्ड लँडमधले ९९० मीटर उंचीचे माउंट सिन्हा हे बिहारमध्ये जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा यांच्या नावाचे. १९७१-७२ मध्ये अमेरिकन जहाजांवरून त्यांनी सील, देवमासे आणि पक्ष्यांची गणना केली होती. गिरिराज सिरोही यांच्या नावाचे ‘सिरोही पॉइंट’ आहे. दोन्ही नावे अमेरिकेच्या समितीने दिली.

तिसरे केंद्र ‘भारती’ २०१२ मध्ये प्रिड्झ उपसागराकाठी लार्समन टेकड्यांत सुरू झाले. जागा निवडताना एक विचार होता तो हाच: हा किनारा एकेकाळी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला होता. महानदीच्या खोऱ्यातली जुनी खचदरी आणि तिथली लँबर्ट हिमनदी ज्या खचदरीतून वाहते ती, या एकाच भेगेचे दोन तुकडे मानल्या जातात. लँबर्टच्या काठच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतातही कोळसा आहे आणि ग्लॉसोप्टेरिसही आहे. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी हे दोन्ही किनारे विलग होऊ लागले.

माझ्या मनात एक मागणी आहे आणि ती मी इथे गंभीरपणे मांडतो. भारत १९८४ पासून ‘स्कार’चा सदस्य आहे. नावे सुचवण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. आधी नाव असलेल्या शिखराला दुसरे नाव लादू नये, हा संकेत चांगला आहे आणि तो पाळावा. पण लँबर्टच्या दोन्ही काठांना अजून निनावी असे कितीतरी लहान नुनाटक आहेत. त्यांतल्या एखाद्या पानाचे ठसे असलेल्या कड्याला गोंडी भाषेतले नाव द्यावे. ते नाव दिल्लीत किंवा गोव्यात बसून ठरवू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतल्या गोंड जाणत्यांना, ज्यांना आपल्या डोंगरांची नावे तोंडपाठ आहेत, त्यांना त्या कड्याचा फोटो दाखवावा आणि विचारावे.